आठ तास अकरा मिनिटं

सतरा नंबरचा माणूस पानासमोर आठ तास अकरा मिनिटं बसून होता. तक्त्यातला तो आकडा पाहून हर्षाला आधी वाटलं, आपलंच काहीतरी चुकलंय. सेकंदांच्या जागी मिनिटं पडली असतील. तिने पुन्हा सगळं चालवून पाहिलं. बाकीची सव्वीस माणसं दोन-तीन मिनिटांत कंटाळून निघून गेली होती, एक चिवट बाई तेवढी एकोणीस मिनिटं थांबली होती, आणि हा सतरा नंबर सकाळी सहाला बसला तो दुपारी दोन वाजून अकरा मिनिटांनी उठला होता. तिच्या गाइड कमलिनी मॅडमनी चष्मा कपाळावर सारून पडद्याकडे बघितलं आणि लगेच निकाल देऊन टाकला. "अरे, टॅब खुला छोड़ के चला गया होगा. हटा दो इसको, पूरा एव्हरेज बिगाड़ रहा है." हर्षा "जी मॅम" म्हणाली. मॅडम दुसऱ्या मुलाच्या टेबलाकडे वळल्या. हर्षाने ओळ काढायला कर्सर सतराव्या आकड्यावर नेला आणि तिथेच ठेवला. शनिवार होता, लॅबमधला एसी नेहमीसारखा नुसता घरघरत होता, आणि तिला उगाचच त्या माणसाची बाजू घ्यावीशी वाटली. टॅब उघडा टाकून गेलेल्या माणसाची काय बाजू घ्यायची, पण वाटलं खरं.

हर्षा कापगते एम.सी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिच्या प्रोजेक्टचा विषय होता, वेबसाइट माणसाला कशी फसवते. 'हो'चं बटण हिरवंगार, ठसठशीत आणि 'नाही' खाली कोपऱ्यात, राखाडी, भिंगातून बघावं असं. 'फक्त दोनच शिल्लक' म्हणणारे पण कधीच न संपणारे आकडे. नकार द्यायचा तर स्वतःचीच लाज काढून द्यावा लागतो अशी वाक्यं. हे सगळं तिने वर्षभर वाचलं, वहीत उतरवलं, प्रत्येक युक्तीला नाव दिलं, आणि मग ते साठीच्या पुढच्या माणसांवर कसं चालतं हे बघायला स्वतःच एक खोटी वेबसाइट बांधली. तिचं नाव ठेवलं 'जुने सोबती'. एकत्र काम केलेली माणसं शोधून देणारी जागा, असं वरवरचं रूप. माणूस आत आला, आपला विभाग लिहिला की पान सांगायचं, 'तुमच्या विभागातले तीन जण तुम्हाला शोधत आहेत.' कुणाला दोन, कुणाला पाच. आकडा मशीन मनाने टाकायची. शेजारी एक हिरवा ठिपका लुकलुकायचा आणि लिहिलेलं असायचं, 'एक जण आत्ता येत आहे, पान बंद करू नका.' दर दहा मिनिटांनी विचारणा व्हायची. मोठ्या हिरव्या बटणावर 'होय, मी थांबतो' आणि खाली बारीक राखाडीत, 'नाही, माझी आठवण कोणी काढली नाही तरी चालेल.' हे शेवटचं वाक्य जमल्यावर हर्षा स्वतःवर खूश झाली होती, आपण काही कमी नाही असं तिला त्या दिवशी वाटलं होतं. मराठी मजकुराला मात्र तिला घाम फुटला. भिलाईतली शाळा हिंदी, कॉलेज हिंदी-इंग्रजी, मराठी फक्त घरात बोलायची, आणि घरातलं मराठी लिहिता येत नाही. शेवटी पुण्याला अंकुरदादाकडे, त्याचं बाळ सांभाळायला गेलेल्या आईला फोन करून विचारलं की कोणीतरी वाट बघतंय हे चांगल्या मराठीत कसं लिहायचं. आईच्या कडेवर बाळ रडत होतं. "असं लिव ना, आपली माणसं आपली आठवण काढत आहेत," आई म्हणाली, आणि हर्षाने ते तसंच्या तसं पानाच्या अगदी वर टाकलं.

कॉलेजच्या समितीने परवानगी देताना चार अटी घातल्या होत्या. नाव घ्यायचं नाही, फोन नंबर घ्यायचा नाही, स्वतःच्या घरचं कोणी घ्यायचं नाही, आणि शेवटी प्रत्येकाला खरं काय ते सांगायचं. म्हणून 'बंद करा' दाबलं की एक साधं पांढरं पान यायचं. त्यावर ही वेबसाइट खोटी आहे, तुम्हाला कोणीही शोधत नव्हतं, हा अभ्यास होता, मनस्तापाबद्दल क्षमस्व, असं लिहिलेलं होतं. सव्वीस जणांनी ते पान पाहिलं होतं. सतरा नंबरने पाहिलं नव्हतं. त्याने 'बंद करा' दाबलंच नव्हतं, दोन अकराला कॉम्प्युटरची वीजच बंद केली होती. हर्षाने त्याच्या नोंदी उघडल्या. टॅब उघडा टाकून हा बाबा कुठेही गेला नव्हता. दर दहा मिनिटांनी पानाने विचारलं होतं आणि दर वेळी त्याने 'होय, मी थांबतो' दाबलं होतं, एकूण एकोणपन्नास वेळा. पानाच्या तळाशी निरोप लिहायची एक चौकट होती, नुसती शोभेची. कोण किती अक्षरं लिहितं एवढंच हर्षा मोजणार होती, वाचणार नव्हती. तिने ती आज पहिल्यांदा वाचली. सहा वाजून चार मिनिटांनी त्याने लिहिलं होतं, 'मी आलो आहे.' सहा पन्नासला, 'बसलो आहे. सावकाश या.' मग बराच वेळ काही नाही, नुसतं थांबतो, थांबतो. नऊ वीसला, 'पोरगी कॉलेजला गेली. आता घरी कोणी नाही. बोलता येईल.' हर्षाला हसू आलं. काय बोलायचं असेल एवढं चोरून. बारा वाजता, 'जानराव असेल तर त्याने सांगावे.' दोनला, 'ड्युटी झाली. पण रिलीव्हर आल्याशिवाय उठत नाही.' आणि दोन दहाला शेवटचं, 'जेवतो. हा माझा नंबर. केव्हाही फोन करा, मी घरीच असतो.' पुढे दहा आकडे होते.

ते दहा आकडे तिला वाचावे लागले नाहीत, ते तिला तोंडपाठ होते. मोबाइल आल्यापासून कोणाचाच नंबर कोणाला पाठ नसतो, हर्षाला स्वतःचासुद्धा चटकन सांगता यायचा नाही, पण हा यायचा. पाच वर्षांची असताना मैत्रीबागेत पांढरा वाघ बघायला नेण्याआधी आईने तो तिच्याकडून घोकून घेतला होता. हरवलीस तर कोणालाही हा सांगायचा, बाबा घ्यायला येतील. ती हरवली नाही. पण त्या दिवशी वाघापेक्षा तिला तो नंबरच जास्त आठवत राहिला, पिंजऱ्यासमोर उभी राहून ती तो पुटपुटत होती आणि बाबा हसत होते. आता तोच नंबर तिच्या तक्त्याच्या सतराव्या ओळीत येऊन बसला होता, आणि मॅडम पलीकडून ओरडून विचारत होत्या, "हर्षा, हटाया क्या?"

नोंदीवरची तारीख मंगळवारची होती. तिला सगळा मंगळवार आठवला, म्हणजे आठवण्यासारखं त्यात काहीच नव्हतं हे आठवलं. बाबांना पाचला उठायची सवय. नोकरी संपून तीन वर्षं झाली, कारखान्याचं सेक्टरमधलं क्वार्टर सोडून कोहक्याच्या या घरात आल्यालाही तेवढीच, पण पाचचा गजर काही सुटला नाही. ती उठली तेव्हा अंकुरदादाच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. दादाचा जुना कॉम्प्युटर तिथेच असतो, बाबा कधीमधी त्यावर पेपर वाचतात. तिने ओट्यावर त्यांचा चहा झाकून ठेवला, डबा भरला, चपला घालता घालता "बाबा, येते" म्हणून हाक मारली आणि आतून "हो" आलं. बस्स. संध्याकाळी आली तेव्हा तो चहा तसाच झाकलेला होता, वर साय धरलेली. तिने तो मोरीत ओतला आणि मनात म्हणाली, यांना आताशा सांगून काही लक्षात राहत नाही. दार ढकलून आत डोकावायला अर्धं मिनिटही लागलं नसतं. तिने डोकावलं असतं तर तिला तिचाच हिरवा ठिपका दिसला असता. इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वेबसाइटची लिंक टाकताना तिने बाबांचा विचारही केला नव्हता, बाबा त्या ग्रुपमध्ये आहेत हेच तिच्या ध्यानात नव्हतं. पहिल्या पानावर अभ्यासाची सगळी माहिती होती, पण ती लांबलचक, आणि संशोधकाचं नाव तळाला बारीक अक्षरात. त्या पानावर सतरा नंबर चार सेकंद थांबला होता. चार सेकंदांत हिरवं 'मान्य आहे' दाबून मोकळा. फसव्या रचनेवर प्रबंध लिहिणाऱ्या पोरीने स्वतःचं नाव बारीक अक्षरात दडवावं आणि बापाने ते न वाचता पुढे जावं, याला काय म्हणायचं ते तिच्या वहीतल्या कुठल्याच नावात बसत नव्हतं.

शालिकराम कापगते चौतीस वर्षं क्रेन ऑपरेटर होते. साकोलीकडची शेती भावांवर सोडून भिलाईच्या पोलाद कारखान्यात आले आणि थेट शेडच्या छताखाली, चाळीस-पन्नास फुटांवरच्या केबिनमध्ये जाऊन बसले. खालची माणसं हाताने खुणा करायची, वर, खाली, थांब, सावकाश, आणि हे वरून तापलेलं लोखंड उचलायचे. चौतीस वर्षं त्यांच्याशी माणसं हातवारे करून बोलली. केबिनमध्ये एकच नियम होता, तो हर्षाला लहानपणापासून माहीत होता, कारण त्या नियमापायी घरातली जेवणं थंड व्हायची आणि सिनेमाची तिकिटं वाया जायची. पुढच्या पाळीचा माणूस, रिलीव्हर, शिडी चढून वर येत नाही तोवर खुर्ची सोडायची नाही. दोन वाजोत, तीन वाजोत. तो येईल, दारात उभा राहील, काय चाललंय, ब्रेक कसा लागतोय हे दोघं बोलतील, मग उठायचं. बाबांचा रिलीव्हर होता जानराव. एकोणीस वर्षं हे दोघं रोज दहा मिनिटं भेटले, त्या लोखंडी दारात, एक आत बसलेला आणि एक बाहेर उभा. एकमेकांच्या घरी ते कधी गेले नाहीत, कारण हा मोकळा असायचा तेव्हा तो ड्युटीवर. पण घरात जेवताना बाबा सांगायचे ते जानरावचंच. जानरावले आज सर्दी होती. जानरावच्या पोरीचं जमलं. हर्षाने जानरावला कधी पाहिलं नव्हतं, पण तो लिमलेटच्या गोळ्या खातो आणि शिडी चढताना मोठ्याने खाकरतो हे तिला माहीत होतं. मग दोघं एकाच वर्षी निवृत्त झाले आणि ती दहा मिनिटं संपली. पानाने सांगितलं की कोणीतरी येतंय, उठू नका. आणि जो माणूस कोणी येतंय म्हटल्यावर चौतीस वर्षांत एकदाही उठला नव्हता, तो उठला नाही. बाकीची सव्वीस माणसं कुठे कुठे काम केलेली होती, शाळेत, रेल्वेत, दुकानात. हे असं बसायला क्रेनवरचाच माणूस हवा.

आणि त्यानंतरचे हे चार दिवस. हर्षाला आता एकेक गोष्ट जागेवर बसताना दिसत होती आणि ती बसू नये असं वाटत होतं. बुधवारी बाबांनी दाढी केली, गुरुवारी पुन्हा केली. फोन नेहमी देवापाशी पडलेला असायचा, तो खिशात आला. आवाज इतका मोठा केला की परवा कुठल्याशा कंपनीचा फोन आला तर शेजारचं कुत्रं भुंकलं. बाबा दोन ढांगांत गॅलरीत गेले, "हॅलो, कोण बोलून राहिला?" म्हणाले, आणि परत येऊन बसताना म्हणाले, "थे लोनवाले." पण चेहरा पडला नव्हता. उलट त्या दिवशी त्यांनी आपणहून लाल भाजी केली, लसणाची फोडणी देऊन, आणि जेवताना कितीतरी महिन्यांनी बोलले. वरच्या केबिनमध्ये एकदा कबुतराने अंडी घातली होती आणि जानरावने अख्खा महिना तिथे कुणाला हात लावू दिला नाही, हे सांगताना हसले. हर्षाला फार बरं वाटलं होतं. आई पुण्याला गेल्यापासून घरात दोघांची दोन ताटं, दोन खोल्यांचे दोन दिवे, आणि मधे टीव्हीचा आवाज. ती बाहेर दिवसभर हिंदी बोलायची आणि मराठी बोलायला घरी यायची तर घरात बोलायला काही नसायचं. तिची एकुलती मैत्रीण रेणू बंगलोरला गेली, तिचे मेसेज आधी रोज, मग सणाला, मग नुसते हृदयाचे लाल ठिपके. कितीदा तरी संध्याकाळी गाडी लावल्यावर ती पाच मिनिटं गाडीवरच बसून राहायची, आत जायचं म्हणजे त्या शांततेत जायचं म्हणून. तर त्या गुरुवारी तिला वाटलं होतं की बाबा बरे होत आहेत. ते बरे होत होते ते तिच्याच थापेवर.

"हटा रही हूं, मॅम," ती म्हणाली, पण ओळ तशीच ठेवून तिने मशीन बंद केली आणि बॅग उचलली. सोमवारी सगळं जमा करायचं होतं, आणि त्याआधी सतरा नंबरला खरं सांगायचं होतं. समितीचा नियम तो नियमच, पण नियम नसता तरी काय, रोज दाढी करून फोनकडे बघत बसलेल्या माणसाला तसंच बसू द्यायचं? आणि सांगायचं म्हणजे तरी काय सांगायचं? की बाबा, तुम्हाला कोणी शोधत नाही. सुपेल्याच्या चौकात नेहमीची कोंडी होती. ट्रक, ई-रिक्षा, हातगाड्या, सगळे एकाच वेळी हॉर्न वाजवत होते, आणि त्या गोंगाटात तिला एकदम सुचलं की खोटं खरं करता येईल. जानरावला शोधायचं. त्याने खरंच एक फोन केला की झालं. मग वेबसाइट खोटी होती की खरी, कोण विचारतो. तिने वेल्डिंगच्या दुकानाशेजारी गाडी बाजूला घेतली आणि मंडळाचे सेक्रेटरी कृष्णराव यांना फोन लावला. "जानराव? क्रेनवाला?" कृष्णराव म्हणाले. "थो तर इथंच कुरुदले राहते. परवाच भेटला. लिव नंबर." इथंच! कुरुद म्हणजे कोहक्यापासून गाडीवर दहा मिनिटं. तीन वर्षं हा माणूस दहा मिनिटांवर राहत होता. हर्षाला आनंदच झाला. तिने नंबर लावला. पलीकडून आधी मोठ्याने खाकरण्याचा आवाज आला आणि तिला एकदम ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं.

"काका, मी हर्षा. शालिकराम कापगतेंची मुलगी."

"कोण शालिकराम?"

"कापगते, काका. क्रेनवर होते. तुम्ही त्यांचे रिलीव्हर होते ना."

"हां, हां. शालिक." आवाज एकदम खाली आला. "कावून? गेला का?"

"नाही, नाही! बरे आहेत. तुमची आठवण काढतात खूप."

"अस्सं? बरं, बरं. चांगला माणूस होता." मागे नातवाला काहीतरी ओरडून सांगितलं. "पोरी, मी जराक बांधकामावर हाय, वरचा मजला टाकून राहिलो. त्याले नमस्कार सांग माया."

"काका, तुम्ही एकदा फोन कराल का त्यांना?"

"करतो ना. करतो. नंबर पाठवून दे," जानराव म्हणाले, आणि फोन बंद झाला. हर्षाने नंबर पाठवला. तिच्या पडद्यावर दोन निळ्या रेघा उमटल्या, त्याने वाचला होता. ती वेल्डिंगच्या ठिणग्यांकडे पाठ करून तिथेच उभी राहिली, पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग तिथूनच तिने काहीतरी निमित्त काढून बाबांच्या फोनवर साधा कॉल केला, लाइन लागलेली आहे का बघायला. पहिल्याच रिंगला उचलला गेला. "हॅलो!" बाबा म्हणाले, इतक्या उत्साहाने की तिला रडू आलं. "मी आहे बाबा. येताना काय आणू?" "तू होय," ते म्हणाले. "काई नको. मुनगा हाय घरी." जानराव वाईट माणूस नव्हता, हे तिला कळत होतं. त्याच्या लेखी ती रोजची दहा मिनिटं म्हणजे ड्युटी बदलायची वेळ होती, आणि बाबांच्या लेखी दिवसभरात माणसाशी तोंडाने बोलायची तेवढीच वेळ. दोघांनी एकच गोष्ट एकोणीस वर्षं केली आणि ती दोघांची वेगळी होती. यात जानरावचा काय दोष?

घरी आली तेव्हा पाच वाजले होते. बाबा मागच्या पडवीत शेवग्याच्या शेंगांचे, त्यांच्या मुनग्याचे, तुकडे करून शिरा ओढत बसले होते. शर्ट इस्त्रीचा होता. खिशात फोन. हर्षा समोर पायरीवर बसली, एक शेंग उचलून शिरा काढायला लागली. अर्धी शेंग झाली तरी तिला सुरुवात सुचेना. सव्वीस जणांना तिने चांगल्या सहा ओळींत खरं सांगितलं होतं, क्षमस्व वगैरे लिहून. त्यातली एकही ओळ तोंडाने म्हणता येईना.

"बाबा, मंगळवारी तुम्ही दादाच्या खोलीत एका वेबसाइटवर बसले होते ना? जुने सोबती?"

शालिकरामांचा हात थांबला. "तुले कसं मालूम?"

"ती खोटी होती, बाबा. मी बनवली होती. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी. ती लोकांना कशी फसवते ते बघायचं होतं. तुम्ही त्यात याल हे मला माहीत नव्हतं, आईशप्पथ."

त्यांनी हातातला तुकडा नीट परातीत ठेवला, दुसरी शेंग घेतली, मोडली नाही. "तू बनवली?" ते म्हणाले.

"हो."

"मंग थे तीन जण?"

"कोणीच नव्हते. आकडा मशीन टाकत होती. कोणाला दोन, कोणाला पाच."

"मले तीन दिले," शालिकराम म्हणाले. मग म्हणाले, "आन तो हिरवा लाइट? तो तर जळून राहिला होता. आठवण काढून राहिले म्हणून लिवलं होतं."

"ते पण खोटं. ते सगळ्यांना दिसत होतं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. हर्षाने रागाची तयारी केली होती, रडायचीही केली होती. पण बाबांच्या मानेपासून कानापर्यंत हळूहळू एक लाली चढत गेली. तिला आधी कळलंच नाही ती कसली, कारण तिने बापाला आजवर लाजलेलं पाहिलं नव्हतं. मग कळलं. ते फसले याची ती लाज नव्हती. त्यांनी त्या चौकटीत काय काय लिहिलं ते त्यांना आठवत होतं, आणि ते कोणी वाचलं तेही आता त्यांना कळलं होतं. "तुया मायले नको सांगजो," ते खाली बघून म्हणाले. "नाही सांगणार," ती म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, अगदी सहज विचारल्यासारखं करून, पण परातीवरून नजर न उचलता त्यांनी विचारलं:

"बाकीचे लोक किती वेळ बसले?"

दोन मिनिटं, तीन मिनिटं, एक बाई एकोणीस. हर्षाच्या डोळ्यांसमोर तो अख्खा तक्ता उभा राहिला. खरं सांगायला म्हणून ती आली होती आणि निम्मं सांगून झालं होतं. उरलेलं निम्मं एवढंसं होतं, एक आकडा नुसता. पण तो आकडा कळला की या माणसाला आयुष्यभर माहीत राहणार होतं की सत्तावीस जणांत असा बसून राहिलेला तो एकटाच. तिने बापाच्या लाल झालेल्या कानाकडे बघितलं.

"सगळेच बसले बाबा," ती म्हणाली. "कोणी पाच तास, कोणी सहा. एक जण तर दहा तास उठला नाही."

"दहा तास!"

"हो ना."

"म्हणजे मीच नाई," शालिकराम म्हणाले, आणि त्यांनी इतका मोठा श्वास सोडला की हर्षाला तो स्वतःच्या छातीतून गेल्यासारखा वाटला. इतरांनी केलं म्हणून सांगितलं की माणसाला आपलं केलेलं बरोबर वाटतं. ही युक्ती तिच्या वहीत तिसऱ्या पानावर होती, लाल शाईने अधोरेखित. बाबांनी शेंग मोडली, शीर ओढली, आणखी एक मोडली. रंग उतरला होता. थोडंसं हसत मान हलवत ते म्हणाले, "दहा तास. बापरे. कोण असन थो? प्लांटमधलाच असन. दुसऱ्याचं काम नाई."

"नाव सांगता येत नाही. नियम आहे."

"नको सांगू नाव. पण मी काय म्हणतो, त्याईले बोलाव ना एक दिवस. चहाले. आपल्या घरी." त्यांनी हात पंचाला पुसले. "कावून, फसवलं तर फसवलं, आता भेटवून तरी दे. इतके लोक बसून राहिले, त्यातले चार-सहा तर येतीन. रविवारी बोलाव. उद्याच. मी घरीच हाय."

"बाबा, ते..." हर्षा म्हणाली. सांगायला अजूनही वेळ होता. तोंड उघडलेलंच होतं. पण ते उठले होते, स्वयंपाकघरात गेले होते, आणि आईने पाहुण्यांसाठी वरच्या फळीवर ठेवलेले कप काढण्यासाठी स्टूल ओढल्याचा आवाज आला. एकेक कप उतरवून ते ओट्यावर मांडत होते. सहा कप. थोडं थांबून आणखी दोन.

"हर्षा," त्यांनी आतून विचारलं, "साखरेचा चालते ना सगळ्याईले? का कोणाले शुगर हाय?"

ती पायरीवर बसली होती. हातात शेंगेची एक लांब हिरवी शीर होती, ती तिने बोटाला गुंडाळली आणि सोडली.

"एकाले हाय बाबा," ती म्हणाली. "दहा तास बसले होते ना, त्याईले."